बादलीवरचं नाव

लालबागच्या मिरची गल्लीत, मसाला कुटायच्या डंखासमोरच्या रांगेत उभा असताना मी माझंच वाक्य दुसऱ्याच्या तोंडून ऐकलं. शनिवारची सकाळ, अकराचा सुमार. हातात बेडगी आणि लवंगी मिरचीची पिशवी, नाकावर रुमाल, आणि डोक्यात बायकोची ताकीद की मिरची डोळ्यांदेखत भाजून घे, ती कमलाबाई बोलण्याच्या नादात करपवते. कमलाबाई खरंच बोलत होती. कढईत उलथनं फिरवत ती पुढच्या गिऱ्हाइकाला पाणीकपातीबद्दल सांगत होती, की आता म्हणे एक दिवसाआड. तिच्या डोक्यावर, भिंतीला, मिरचीच्या धुरळ्यानं लालसर झालेला टीव्ही चालू होता आणि त्यावर मंत्री बोलत होते. आमचे मंत्री; म्हणजे ज्या खात्यात मी कक्ष अधिकारी आहे त्या खात्याचे. मी बघतही नव्हतो. पण ते म्हणाले, ‘गेल्या तीन हंगामांतील वणव्यांचे घटते प्रमाण पाहता,’ आणि थांबले. बरोबर तिथेच थांबले, जिथे मी स्वल्पविराम दिला होता. पुढचं मी त्यांच्या आधी मनात म्हणून टाकलं: हंगामी राखणदार व जाळरेषा यांवरील तरतूद पुढे चालू ठेवण्याची आवश्यकता दिसून येत नाही. ‘हे मी म्हणत नाही,’ मंत्री म्हणाले, ‘हे विभागानं मला लेखी दिलंय. मी विभागावर विश्वास ठेवला, ही माझी चूक असेल तर चूक.’ कुणीतरी राजीनाम्याचं विचारलं. ते हसले. ‘आणि आत्ताच्या आगीचं म्हणाल, तर प्राथमिक माहिती अशी की ती भाजावळीतून लागली. एका ग्रामस्थानं शेत भाजलं, आग जंगलात गेली, तो विनापरवाना आत शिरला आणि जखमी झाला. त्याच्याबद्दल सहानुभूती आहे. पण कायदा सगळ्यांना सारखा.’

कमलाबाईनं मान वर न करता म्हटलं, "स्वतःच लावायची आन् मंग बोंब मारायची." तेवढ्यात कढईतली लवंगी करपली आणि रांगेतल्या सगळ्यांना एकदम ठसका लागला. लोक खोकले, हसले, डोळे पुसले. माझा ठसका थांबेना. तो ग्रामस्थ म्हणजे माझे भावजी, धोंडू. थोरल्या बहिणीचे, मालनताईचे यजमान. गेले दहा दिवस ते इथून वीस मिनिटांच्या वाटेवर, परळच्या इस्पितळात, दोन्ही हात आणि छाती पट्ट्यांत बांधून पडले होते. आणि भाजावळ हा शब्द मंत्र्यांना मीच पुरवला होता.

काल दुपारी साडेतीनला पुरवला. राजेशचा फोन आला होता. राजेश हा मंत्र्यांचा खासगी सचिव. माझ्यापेक्षा वीस वर्षांनी लहान, पण मजला वरचा, म्हणून मी त्याला साहेब म्हणतो आणि तो मला काका. "काका, तुम्ही तिकडचेच ना? एक सांगा, कोकणात या दिवसांत लोक शेतात काय काय जाळतात?" मला कुणी काही विचारलं आणि त्याचं उत्तर मला येत असलं की बाकीचं जग मी विसरतो, हा माझा जुना रोग आहे. मी खुर्चीत रेलून त्याला भाजावळ समजावून दिली. पावसाआधी भाताचं रोप जिथे टाकायचं तिथे शेण, पालापाचोळा, गवत पसरतात आणि पेटवतात, म्हणजे तण मरतं आणि राख खताला होते. "ठिणगी उडत असेल ना, काका?" उडते तर, मी म्हणालो, म्हणूनच वारा पडल्यावर पेटवतात आणि दोन माणसं उभी ठेवतात. हे शेवटचं त्यानं ऐकलं नसावं. किंवा तेवढंच सोडून द्यायचं असं ठरवून ऐकलं असावं. "काका, तुमच्यासारखी माणसं आता राहिली नाहीत," तो म्हणाला, आणि मी, सत्तावन्न वर्षांचा बाप्या, त्या वाक्यानं फुलून गेलो. पट्ट्यांतला माणूस माझा भावजी आहे हे मी ऑफिसात कुणालाही सांगितलं नव्हतं. चौकशी लागणार असं सगळे कुजबुजत होते. अशा वेळी आपली नाती बाहेर काढायची नसतात. फोन ठेवला, चहा मागवला. चहात साखर जास्त होती आणि त्यावरून मी पोऱ्याला बोललो, हे मला स्वच्छ आठवतं.

मिरची कुटून व्हायला एक वाजला. अजून गरम असलेली मसाल्याची पिशवी पोटाशी धरून मी गल्लीबाहेर आलो, तो खिशात फोन थरथरला. राजेशचाच निरोप. ‘काका, खुलासा सोमवारी बारापर्यंत द्या. तुमचं तेव्हाचं वाक्य छान आहे, त्यावरच राहा. प्रमाण घटल्याची माहिती खालून फिल्डवरून आली एवढं जोडा. भाजावळीचंही येऊ द्या, तुम्ही तिथलेच आहात, वजन येईल. निवृत्तीला दोनच महिने राहिलेत ना तुमच्या? कारण तुम्ही बघा.’ शेवटच्या तीन शब्दांवर माझे पाय थबकले. मागून येणाऱ्या हातगाडीवाल्यानं शिवी घातली. पुलावरून गाड्या जात होत्या, पलीकडे काचेचे उंच टॉवर उभे होते आणि आभाळाला महिनाभर आहे तोच राखाडी रंग होता. हे तीन शब्द मी आधी एकदा वाचले होते.

मंत्रालयात एक रीत आहे, बाहेरच्या माणसाला ती ठाऊक नसते. फाईल वर जाते आणि खाली येते तेव्हा कधी कधी तिला एक पिवळी चिठ्ठी टाचलेली असते. फाईलीत जे लिहिता येत नाही ते चिठ्ठीवर असतं. चिठ्ठीवर सही नसते, तारीख नसते. खालच्या माणसानं ती वाचायची, त्यातलं म्हणणं आपल्याच डोक्यातून निघालं असं समजून सुबक टिप्पणी लिहायची, आणि चिठ्ठी फाडायची. मी चार तुकडे करतो. मात्र या रीतीत एक पळवाटही आहे, जुन्या लोकांनी शोधलेली. टिप्पणीच्या सुरुवातीला ‘चर्चेनुसार’ असं लिहायचं. एकच शब्द, कुणाचं नाव नाही, कुणाला राग येण्यासारखं काही नाही. पण दहा वर्षांनी फाईल उघडणाऱ्याला कळतं की हे लिहिणाऱ्याच्या मनचं नाही, वरून कुणीतरी बोललं होतं. या एका शब्दाच्या आडोशाला आमच्यातली कितीतरी माणसं सुखरूप निवृत्त झाली आहेत. तीन वर्षांपूर्वीच्या फेब्रुवारीत, मंत्र्यांनी मला दालनात बोलावून स्वतःच सांगितलं होतं. उभ्याउभ्या, शेंगदाणे खात. महोत्सव करायचाय, निसर्ग पर्यटनाचा, माझ्या मतदारसंघात. पैसा कुठून तरी वळवा. ते वणव्याचे राखणदार वगैरे कशाला हवेत, झाडाखाली झोपलेले असतात. मग चिठ्ठी आली: ‘राखणदार व जाळरेषा बंद. कारण तुम्ही बघा.’

तेव्हा माझ्या हाताखाली सम्यक होता. नायगावच्या बीडीडी चाळीतला, आजोबा गिरणीत, हा परीक्षा देऊन थेट मंत्रालयात. हुशार, आणि हुशारी लपवायची अजून न शिकलेला. पहिला मसुदा त्यानं केला. सुरुवात ‘चर्चेनुसार’ अशीच केली होती, आणि खाली एक परिच्छेद जास्तीचा. मी विचारलं हे काय. तो म्हणाला, "सर, वणवे कमी नाही झालेत. नोंदी कमी झाल्यात. दोन वर्षांपूर्वी निम्मे राखणदार कमी केले ना आपण? बघायला माणूसच नाही, तर कळवणार कोण? आणि यंदा पाऊस कमी झालाय, सर. गवत वाळून कोळ झालंय. उलट माणसं वाढवायला पाहिजेत." बरोबर बोलत होता. इतकं बरोबर की मला चीड आली. मी तो परिच्छेद काढला. मग पेन ‘चर्चेनुसार’वर आलं आणि मी तेही काढलं. सम्यक म्हणाला, "सर, तो शब्द राहू द्या. नाहीतर हे आपलंच म्हणणं होतं." मी म्हणालो, "वाक्य बघ कसं सरळ झालं." खरोखर सरळ झालं होतं. पण कारण तेवढंच नव्हतं, आणि आज गल्लीच्या तोंडाशी उभं राहून खोटं बोलण्यात काय अर्थ आहे? बंद होणाऱ्या राखणदारांच्या यादीत आमच्या गावचं एक नाव होतं, धोंडू भावजींचं. माझ्यावर कुणी बोट दाखवू नये, नातेवाइकाला वाचवलं असं कुणी म्हणू नये, म्हणून मी ते वाक्य मुद्दाम ठाम केलं, मुद्दाम स्वतःचं केलं. त्या दिवशी घरी जाताना मला स्वतःचा अभिमान वाटत होता. हात जरा म्हणून कापला नाही, असं मी बायकोलाही सांगितलं होतं. फक्त कशावरून ते सांगितलं नव्हतं.

मसाला ठेवायला घरी गेलो. चाळीच्या गॅलरीत, आमच्या दारासमोर, नेहमीसारखी पाण्याची भांडी मांडलेली होती: दोन पिंप, कळशा, रंगाचे डबे आणि शेवटी बापाची बादली. बापाची म्हणजे गिरणीची. माझे वडील गंगाधर गिरणीच्या ब्लोरूममध्ये होते, जिथे कापसाच्या गाठी पहिल्यांदा फोडतात. तिथे आग म्हणजे रोजचीच गोष्ट. गाठीत एखादा खिळा निघाला, यंत्रावर घासला की ठिणगी, आणि कापूस काय, वाटच बघत असतो. म्हणून भिंतीला लाल बादल्या टांगलेल्या असत आणि प्रत्येक बादलीवर पांढऱ्या रंगात एका कामगाराचं नाव. ओरड झाली की ज्याची बादली त्यानं उचलायची. ती रिकामी सापडली तर त्या नावाच्या माणसाला घरी बसवायचे. वडील सांगायचे, "बादल्यो आधीय होत्यो रे. पण नाव घातल्यार भरूक लागले." संपात गिरणी बंद पडली, ती पुन्हा काही उघडली नाही. तेव्हा वडील थकलेल्या पगाराऐवजी ही बादली घेऊन आले आणि आई त्यांना महिनाभर हसत होती. आता लाल रंग उडालाय, पत्र्याला दोन ठिकाणी डांबर लावलंय, पण हात फिरवला तर ‘गंगाधर, ति. पाळी’ एवढं बोटांना लागतं. मी हात फिरवला. बादली अर्धीच भरलेली होती. पाणी सकाळी पाचला चाळीस मिनिटं येतं. माझी बायको दर्शना आतून म्हणाली, "बघितलंस टीव्ही? भावजींना म्हणाले ना ते? ताईंच्या कानावर जायच्या आत तू जा तिथं." मग माझ्याकडे नीट बघून म्हणाली, "तुला काय झालं?" मिरची लागली, मी म्हणालो.

परळच्या दिशेनं चालायला लागलो. रोजचा रस्ता, रोजची दुकानं, तरी आज सगळं जरा जवळ आल्यासारखं वाटत होतं. नाकातली मिरची जात नव्हती, आणि त्या वासामागून एक दुसरा वास येत होता, फार जुना. मी नऊ वर्षांचा असेन. मे महिन्यात गावी गेलो होतो आणि सड्याला, गावावरच्या कातळी माळाला, वणवा लागला. दिवसा फक्त धूर दिसला. संध्याकाळी खळ्यात उभं राहिलं तर डोंगराच्या अंगावर एक तांबडी रेघ सरकताना दिसत होती. अगदी हळू. मला ती सुंदर वाटली होती आणि तसं मी मोठ्यानं बोललो तर मालनताईनं माझ्या कानाखाली मारली. मग गावातली सगळी माणसं आग झोडपायला हिरव्या फांद्यांचे टाळे तोडून वर गेली, आणि सकाळी परतली तेव्हा त्यांचे चेहरे ओळखू येत नव्हते. त्यात धोंडूही होता. तेव्हा तो भावजी झालेला नव्हता, शेजारच्या वाडीतला एक दांडगा पोरगा. त्यानंच मला जाळरेषा दाखवली. डोंगराच्या कडेनं गवत आधीच कापून, जाळून ठेवलेला नांगरल्यासारखा पट्टा. "हय येवन तो थांबता," धोंडू म्हणाला होता, वणवा म्हणजे कुणी ओळखीचा माणूस असल्यासारखा. "तेका खावक कायच गावना नाय ना." पुढे तो अकरा वर्षं सरकारचा हंगामी राखणदार होता. फेब्रुवारी ते मे. एक खाकी शर्ट, एक काठी आणि एक शिट्टी. धूर दिसला की शिट्टी, शिट्टी ऐकली की गाव. एवढीच यंत्रणा, आणि ती चालत होती.

ती बंद झाली तेव्हा ताईचा फोन आला होता. "जयवंता, ह्येंचा काम कित्या बंद केलानी रे?" मी ऑफिसातल्या जिन्यात उभा होतो. मी म्हणालो, "वरून आलंय, ताई." ती म्हणाली, "वरसून म्हणजे कोणाकडसून?" मी म्हणालो, "वरून म्हणजे वरून. मी काय करणार?" ती म्हणाली, "बरा. तू कित्या जीवाक लावन घेतंस? तुझा काय चुकला?" आणि उलट मलाच समजावत राहिली. शर्ट परत मागून घेतला होता, काठीही. शिट्टी मागायची राहिली. ती भावजींनी ठेवली. यंदा पाऊस जवळजवळ पडलाच नाही, फेब्रुवारीत झरे आटले, सड्यावरचं गवत हातात घेतलं की चुरा व्हायचं. तीन वर्षं जाळरेषा कुणी काढली नव्हती. पट्ट्यावर पुरुषभर रान वाढलं होतं. दहा दिवसांपूर्वी दुपारी एकला डोंगरामागे धूर दिसला. वनरक्षक एकटा, चार गावांना एक, तो तेव्हा पलीकडच्या खोऱ्यात. भावजी बासष्ट वर्षांचे. त्यांनी खुंटीवरची शिट्टी काढली आणि वर गेले. शिट्टी ऐकून गाव गेलं, पण गावात आता उरलेत कोण? सात म्हातारे आणि दोन शिकणारी मुलं. वणवा जाळरेषेवर आला आणि थांबला नाही. काजूच्या बागा गेल्या, वाडीतली चार घरं गेली. जाईबाई नावाची म्हातारी गुरांची दावी सोडायला गोठ्यात शिरली, ती आत राहिली. तिला बाहेर काढायला गेलेले भावजी. त्यांना विनापरवाना म्हणतात.

इस्पितळाच्या दारात मी बराच वेळ उभा राहिलो. दारालगतच्या चहाच्या टपरीवर रेडिओ होता आणि त्यावरही मंत्र्यांच्याच बातम्या, फक्त आता माझं वाक्य निवेदिकेच्या आवाजात होतं. ते वाढत चाललंय असं मला वाटलं. मी लिहिलं तेव्हा ते दीड ओळीचं होतं आणि एका फाईलीत पडलं होतं. मनात हिशेब सुरू झाला, माझ्याही नकळत: खुलाशात काय लिहिलं म्हणजे माझं वाक्य खोटं ठरणार नाही, मंत्री दुखावणार नाहीत, आणि भावजींवरही थेट येणार नाही. ‘काही ग्रामस्थांच्या’ असं म्हणता येईल. ‘शक्यता नाकारता येत नाही’ असं म्हणता येईल. भाषेत जागा असते. बत्तीस वर्षं मी त्या जागांतच नांदलो आहे. हात धुवायला नळ सोडला तर नुसती हवा आली. तसाच वर गेलो.

ताई पलंगाशी स्टुलावर बसली होती. मला बघून तिचा चेहरा उजळला. आजवर नेहमीच उजळलाय. "इलंस? बस. कायतरी खाल्लंस की तसोच इलंस?" भावजी डोळा मिटून होते. चेहऱ्याची एक बाजू पट्टीत, दुसरी काळी-तांबूस, ओठ फुटलेले. पुढचे चार दिवस महत्त्वाचे, डॉक्टर म्हणाले होते, जंतू शिरले तर सांगता येत नाही. उशालगत एक प्लास्टिकची पिशवी, तिच्यात त्यांचा वितळलेला पट्टा आणि ती शिट्टी. ताईनं स्टुलाखालून घडी घातलेला कागद काढला. "बरा झाला तू इलंस. सकाळी एक माणूस इल्लो, शर्ट-पॅन्टवालो, सरकारी. हो कागद घेवन. म्हणता, काकी, ह्येच्यार यजमानांचो अंगठो होयो, म्हणजे मदतीचा काम पुढे सरकात. मी म्हटलंय, ह्येंचे दोनय हात बांधलेले, अंगठो खयसून आणू? तर म्हणता, मग तुम्ही सही करा." तिला त्या आठवणीनंच जरा हसू आलं. "माझो चष्मो घरात जळालो. पण मी काय खुळी आसंय? मी तेका सांगलंय, माझो भाव मंत्रालयात आसा. तो वाचल्याशिवाय मी कशार सही करूचंय नाय. चार वाजता परत येतलो. वाच बघू."

मी घडी उघडली. छापील जबाब होता, ठिपक्यांची रेघ सहीसाठी मोकळी. ‘मी खाली सही करणार लिहून देतो की, पावसाळ्यापूर्वी भाताचे रोप टाकण्याच्या जागी शेण, पालापाचोळा व गवत पसरून ते पेटविण्याची आमच्याकडे पद्धत असून.’ माझेच शब्द. शेण, पालापाचोळा, गवत, क्रमही तोच. वारा पडल्यावर पेटवतात, ते नव्हतं. उभी ठेवलेली दोन माणसं नव्हती. त्याऐवजी होतं, ‘त्यातील ठिणगी उडून लगतच्या वनक्षेत्रास आग लागली.’ "मोठ्यान वाच," ताई म्हणाली, "ह्येंका आयकाक जाता." भावजींनी डोळा उघडला होता. मी वाचलं. माझा आवाज चांगला आहे, ऑफिसात सगळे म्हणतात.

ताई म्हणाली, "भाजावळ? अरे, औंदा चारो नाय म्हणान गुरां इकलव आमी. मार्गशीर्षातच. शेण खय होता भाजावळ करूक? सगळ्या वाडीक म्हायती आसा." तिनं भावजींकडे बघितलं, मग कागदाकडे, मग माझ्याकडे. "ज्येनी लिवलान तेका आमच्याकडचा म्हायती आसा. पण आमचा म्हायती नाय. ह्या लिवलान कोणी, रे?"

खिशात फोन थरथरायला लागला. माझ्याकडे चार-पाच उत्तरं तयार होती आणि प्रत्येकात थोडं खरं होतं. मी विभाग म्हणू शकलो असतो. वरून म्हणू शकलो असतो. ते उत्तर तिनं एकदा मुकाट्यानं घेतलं होतं. भावजींचा तो एक डोळा माझ्यावर होता, लाल, पाणी येणारा, आणि मला कळेना तो मला बघतोय की नुसता उघडा आहे. ते वर गेले तेव्हा त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. त्यांचं नाव कुठल्या यादीत नव्हतं. मीच काढलं होतं. तरी शिट्टी वाजली.

"मी," मी म्हणालो. "मी लिहिलंय, ताई. हे माझेच शब्द आहेत. आणि भावजींचं काम बंद झालं, तेही मीच लिहिलं होतं. मंत्र्यांनी तोंडी सांगितलं आणि कारण मी शोधून दिलं." म्हटल्यावर हलकं वाटेल अशी माझी समजूत होती. काहीच वाटलं नाही. फोन थांबला आणि परत सुरू झाला. मी नऊ वर्षांचा असताना मारली तशी ताईनं मारली असती तर मी तिथेच तिच्या पायांवर पडलो असतो. तिनं माझ्या हातातला कागद घेतला, उलटा केला, कोरी बाजू वर आणली आणि पलंगालगतच्या टेबलावर माझ्यासमोर ठेवली. हातानं घड्या सपाट केल्या.

"मगे आता दुसरा लिवा," ती म्हणाली. सत्तावन्न वर्षांत तिनं मला कधी अहोजाहो केलं नव्हतं. "आणि तुमका कोणी सांगल्यान ता पयला लिवा. नाव घालून. मगे तुमचा नाव. चार वाजता तो माणूस येतलो, तेच्या हातात देवचा आसा."

मी पेन काढलं. घड्याळात तीन वाजून दहा मिनिटं झाली होती. पहिल्या ओळीत मंत्र्यांचं नाव लिहिलं, पूर्ण, वडिलांच्या नावासकट. दुसऱ्या ओळीत माझं. मग तारीख, दालन, ते शेंगदाणे सोडून बाकी सगळं. सम्यकनं काय सांगितलं होतं, मी काय काढलं, कागदावर वणवे कसे कमी झाले. अक्षर नेहमीसारखं सुबक आलं नाही, ओळी वर चढत होत्या. एवढ्यात जिन्यावर बुटांचा आवाज झाला. दोन माणसांचा असावा. चार वाजायला अजून वेळ होता. ताई उठली आणि दाराच्या आणि माझ्यामध्ये जाऊन उभी राहिली, माझ्याकडे पाठ करून.

"झाला?" तिनं विचारलं.

"झालं," मी म्हणालो. "सही करायची राहिलीय."

"सही मगे करा. आधी ह्येंका वाचून दाखवा."

मी कागद घेऊन पलंगाशी वाकलो. जळक्या कातडीचा आणि औषधाचा वास होता, आणि माझ्या बोटांना अजून मिरचीचा. बूट दाराशी येऊन थांबले. भावजींनी डोळा माझ्याकडे वळवला, आणि मी पहिल्या नावापासून वाचायला लागलो.